पाण्यापासून ॲव्हरेज? ट्रकवरील हायड्रोजन यंत्राचा जमाखर्च

वाहतुकीच्या धंद्यात आपले कितीतरी बंधू आहेत. कोणी कर्ज काढून घेतलेल्या एकाच गाडीवर घर चालवतो, कोणाच्या चार-पाच गाड्या आहेत, कोणी नोझल-पंपाचे काम करतो, तर कोणी बॅटरी-वायरिंगचे. ठाण्याच्या वर्तकनगरातून पोखरण रोडने खाली कॅडबरी जंक्शनला आले की द्रुतगती महामार्ग लागतो. पुढे माजिवड्याहून एक रस्ता घोडबंदरमार्गे गुजरातकडे जातो, दुसरा खारेगाववरून भिवंडी-नाशिककडे. न्हावाशेवा बंदराचा माल मुंब्रा बायपासने याच भागात येतो आणि भिवंडीच्या गोदामांत उतरतो. या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला डिझेलचा भाव आणि गाडीचे ॲव्हरेज हे दोन शब्द रोज ऐकावे लागतात.

गाडीचा धंदा कसा आहे हे सर्व जाणतात. भाडे समोरचा ठरवतो, टोल सरकार ठरवते, डिझेलचा भाव कंपनी ठरवते. मालकाच्या हाती राहते ते एवढेच, की एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाते. म्हणूनच ॲव्हरेज वाढवून देणारी वस्तू घेऊन कोणी आला की मालकाचे कान टवकारतात. अशा वस्तूंपैकी एक म्हणजे ट्रकवर बसवण्याचे हायड्रोजन यंत्र. कोणी त्याला एच.एच.ओ. किट म्हणतो, कोणी ड्राय सेल, कोणी नुसते पाण्याचे किट. पाण्यापासून हायड्रोजन तयार होतो, तो इंजिनात जातो आणि डिझेल वीस-तीस टक्के कमी लागते, असा त्याच्याविषयी दावा केला जातो.

हा दावा हिशेबात बसतो का, हे या लेखात पाहावयाचे आहे. गाडीमालकाने किट घ्यावे की नाही, आणि गॅरेजवाल्या बंधूने ते विकावे की नाही, हे दोन्ही प्रश्न त्यात येतात. गणित सोपे आहे. जमाखर्चाची वही लिहिणाऱ्या कोणालाही ते समजेल.

यंत्र कसे चालते?

पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन वायूंचे बनलेले आहे. पाण्यात विजेचा प्रवाह सोडला की हे दोन वायू वेगळे होतात. १८०० साली इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी हे करून दाखवले. किती विजेतून किती वायू निघतो याचा नियम पुढे १८३४च्या सुमारास मायकेल फॅरेडे यांनी घालून दिला. म्हणजे ही विद्या नवी नाही व तिच्यात काही गुपितही नाही.

किटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या थोड्या थोड्या अंतरावर बसवलेल्या असतात. मध्ये डिस्टिल्ड वॉटर असते. नुसत्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून त्यात कॉस्टिक पोटॅश मिसळतात. गाडीच्या बॅटरीची वायर पट्ट्यांना जोडली की बुडबुडे येऊ लागतात. हा वायू नळीने एअर फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडतात.

येथपर्यंत सर्व खरे आहे. यंत्रातून वायू निघतो, तो हायड्रोजनच असतो आणि तो पेटतोही. विक्रेता पेटवून दाखवतो आणि पाहणारा चकित होतो. परंतु वायू निघणे वेगळे आणि डिझेल वाचणे वेगळे. खरा प्रश्न असा, की तो वायू काढण्यासाठी लागलेली वीज कोठून आली?

वीज फुकट नाही

विक्रेता म्हणतो, “अल्टरनेटर तर फिरतच असतो, त्याची वीज वायाच जाते.” सगळी गफलत या एका वाक्यात आहे. पूर्वी सायकलला दिव्यासाठी डायनामो असे. तो चाकाला टेकवला की पायडल जड होत असे, हे ज्यांनी अशी सायकल चालवली त्यांना आठवत असेल. ट्रकचा अल्टरनेटर हा त्याच जातीचा आहे. त्याच्यातून जितकी जास्त वीज ओढाल तितका तो फिरायला जड होतो, आणि तो भार पट्ट्यावाटे इंजिनावर येतो. इंजिन तो भार डिझेल जाळूनच ओढते. जुन्या गाडीत इंजिन रिकामे चालू असताना हेडलाइट आणि पंखा एकदम लावून पाहावे. इंजिनाचा आवाज किंचित बसतो. तो बसलेला आवाज म्हणजे जळलेले जादा डिझेल होय.

आता जमाखर्च मांडू

समजा, २४ व्होल्टच्या ट्रकवर बसवलेले किट २० अँपिअर वीज घेते. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे ४८० वॅट. किट तासभर चालले तर ०.४८ युनिट वीज गेली. युनिट म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलात येते तेच.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. ट्रकचा अल्टरनेटर ढोबळमानाने साठ टक्के कार्यक्षम धरू. म्हणजे ०.४८ युनिट वीज देण्यासाठी त्याने इंजिनाकडून ०.८ युनिट काम घेतले. चांगले डिझेल इंजिन इंधनातील उष्णतेपैकी सुमारे चाळीस टक्क्यांचेच काम करते. बाकीची उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. तेव्हा ०.८ युनिट कामासाठी २ युनिट उष्णतेचे डिझेल जळाले. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट उष्णता असते. म्हणजे तासाला २०० मिलिलिटर डिझेल खर्च झाले.

आता जमेची बाजू. फॅरेडेच्या नियमाने २० अँपिअरवर, ओळीने १२ खान्यांच्या किटमधून तासाला सुमारे ९ ग्रॅम हायड्रोजन निघतो. थोडासुद्धा वाया गेला नाही असे धरले तर हा आकडा येतो. हायड्रोजन वजनाच्या मानाने फार ताकदवान इंधन आहे, एका किलोत सुमारे ३३ युनिट उष्णता. त्या हिशेबाने ९ ग्रॅममध्ये ०.३ युनिट, म्हणजे ३० मिलिलिटर डिझेलइतकी उष्णता मिळाली.

थोडक्यात, २०० मिलिलिटर डिझेल देऊन ३० मिलिलिटरचे इंधन हाती आले. डिझेलचा भाव ९० रुपये धरला तर तासाला १८ रुपये गेले आणि २ रुपये ७० पैसे आले. १५ रुपये ३० पैसे तोटा. गाडी दिवसाला १० तास व महिन्याला २५ दिवस चालली तर ३,८२५ रुपये. किटची किंमत, पाणी, पोटॅश आणि मिस्त्रीची मजुरी यात धरलेली नाही.

कोणी म्हणेल, यंत्र सुधारले तर? सुधारू द्या. अल्टरनेटर आणि किट दोन्ही शंभर टक्के उत्तम झाले, विजेचा एक कणही वाया गेला नाही, तरी विजेत जितके गेले त्याहून अधिक हायड्रोजनमध्ये येऊ शकत नाही. आणि ती वीज बनवताना इंजिनाने डिझेलच्या उष्णतेपैकी साठ टक्के आधीच घालवलेली असते. दहा रुपयांची नोट चार रुपयांना मोडावी आणि त्या चार रुपयांतून पुन्हा दहा होतील अशी आशा धरावी, तसे हे आहे.

वीस टक्के बचतीसाठी काय लागेल तेही पाहू. ट्रक तासाला ४० किलोमीटर जातो आणि ४चे ॲव्हरेज देतो असे धरले तर तासाला १० लिटर डिझेल लागते. त्याचे वीस टक्के म्हणजे २ लिटर. तितकी उष्णता हायड्रोजनमधून हवी असेल तर तासाला सुमारे ६०० ग्रॅम हायड्रोजन पाहिजे. किट देते ९ ग्रॅम. म्हणजे एका गाडीवर अशी सुमारे ६७ किटे लावावी लागतील आणि त्यांना १,३०० अँपिअरच्या वर वीज द्यावी लागेल. एवढी वीज देणारा अल्टरनेटर कोणत्याही ट्रकला नसतो.

“हायड्रोजनमुळे डिझेल पूर्ण जळते”

हे गणित समोर ठेवले की विक्रेता बाजू बदलतो. तो म्हणतो, हायड्रोजन इंधन म्हणून दिलेलाच नाही, तो डिझेल पूर्ण जळावे म्हणून दिला आहे. हे ऐकायला पटते, कारण काळा धूर सर्वांनी पाहिलेला असतो.

परंतु चांगल्या स्थितीतील डिझेल इंजिनात आत गेलेल्या इंधनापैकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक इंधन जळूनच जाते. न जळलेले एक-दोन टक्के सर्वच्या सर्व जाळले तरी वीस टक्के बचत कोठून येणार? काळा धूर येत असेल तर नोझल, पंप, टर्बो किंवा तुंबलेला एअर फिल्टर हे त्याचे कारण असते. तो दोष दुरुस्त केला की ॲव्हरेज सुधारते. त्यासाठी हायड्रोजनची गरज नाही.

वायूचे प्रमाणही पाहावे. वर सांगितलेल्या किटमधून मिनिटाला सुमारे अडीच लिटर मिश्र वायू निघतो. सहा लिटरचे इंजिन १,५०० फेऱ्यांवर मिनिटाला साडेचार हजार लिटर हवा ओढते, आणि टर्बो असेल तर त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे अठराशे लिटर हवेत एक लिटर वायू. मोठ्या पातेल्यातील डाळीत मिठाचे दोन-चार खडे टाकण्यासारखेच हे झाले. प्रयोगशाळांत डिझेल इंजिनात हायड्रोजन मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत व होत आहेत. पण तेथे तो बाहेरच्या सिलिंडरमधून दिला जातो, पुष्कळ दिला जातो, आणि त्याचा खर्च वेगळा मोजला जातो.

मग ड्रायव्हर फरक पडला असे का सांगतो?

किट बसवलेले काही मालक ॲव्हरेज वाढल्याचे शपथेवर सांगतात. ते खोटे बोलतात असे समजण्याचे कारण नाही. पण यामागे तीन गोष्टी असतात.

पहिली, किट बसवताना मिस्त्री एअर फिल्टर साफ करतो, नोझल पाहतो, हवा-पाणी तपासतो. फायदा त्या कामाचा असतो आणि श्रेय किटला मिळते. दुसरी, ड्रायव्हरला आपल्या गाडीवर नवे यंत्र बसले आहे आणि मालक ॲव्हरेज मोजणार आहे हे ठाऊक असते. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर हलका पडतो. तिसरी, एका खेपेचे ॲव्हरेज आणि दुसऱ्या खेपेचे ॲव्हरेज कधीच सारखे नसते. गायमुखच्या चढावर जाम लागला, कसारा घाटात माल जास्त होता, परतताना गाडी रिकामी आली, तर चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो. वरच्या हिशेबातील किटचा तोटा दोन टक्क्यांच्या आत आहे. तो या चढउतारात दिसतच नाही. म्हणूनच हे किट बसवणाऱ्याला नुकसान कळत नाही आणि विकणाऱ्याचा धंदा चालू राहतो.

खरे तपासायचे कसे?

कोणी छातीठोकपणे बचतीची हमी देत असेल तर त्याच्याशी वाद घालू नये. परीक्षा घ्यावी, आणि ती पुढीलप्रमाणे घ्यावी.

१) टाकी दरवेळी त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, काठोकाठ भरावी. अंदाजाने भरलेली टाकी परीक्षेत चालत नाही.

२) रस्ता तोच, माल जवळपास तितकाच. प्रत्येक खेपेची काट्याची पावती जपून ठेवावी.

३) परीक्षेच्या आधी सर्व्हिसिंग, टायरची हवा आणि फिल्टर हे काम पूर्ण करून घ्यावे. मध्येच काही बदलू नये.

४) किटच्या वायरला एक छुपा स्विच लावावा. पाच खेपा चालू ठेवून आणि पाच खेपा बंद ठेवून, उलटसुलट क्रमाने कराव्यात. कोणत्या खेपेला चालू आहे हे ड्रायव्हरला सांगू नये. मालक किंवा मिस्त्रीने वहीत लिहावे.

५) शक्य असल्यास किट नसलेली दुसरी तशीच गाडी त्याच रस्त्यावर सोबत चालवावी. पाऊस, जाम आणि वारा दोघींना सारखेच लागतील.

दहा खेपांचा हिशेब झाला की निकाल आपोआप समोर येतो. जो विक्रेता अशी परीक्षा देण्यास तयार होत नाही, किंवा आधी पूर्ण पैसे मागतो, त्याचा माल घेऊ नये.

इतर देशांचा अनुभव

अमेरिकेत इंधन वाचवण्याच्या अशा वस्तूंचा सुळसुळाट १९७०च्या दशकातील तेलटंचाईनंतर झाला. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक वस्तू तपासल्या. ॲव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ करणारी एकही सापडली नाही. ओहायो राज्यात स्टॅन्ले मेयर या गृहस्थाने पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा केला होता. १९९६ साली तेथील न्यायालयाने त्याला उघड फसवणूक ठरवले आणि गुंतवणूकदारांचे पैसे परत करण्याचा हुकूम दिला. २००९ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘हायड्रो-असिस्ट’ नावाचे हायड्रोजन किट विकणाऱ्यांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. ॲव्हरेज निम्म्याने व त्याहून अधिक वाढते अशी त्यांची जाहिरात होती, आणि असे होणे विज्ञानाच्या नियमांत बसत नाही, हे आयोगाचे म्हणणे होते.

मग हायड्रोजनचे ट्रक येत आहेत ते काय?

येथे वाचकांचा गोंधळ होऊ नये. हायड्रोजनवर चालणारी वाहने ही खरी गोष्ट आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातच त्यावर काम झाले आहे. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी तयार केलेली हायड्रोजन फ्युएल सेलची देशी बस सादर झाली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. मार्च २०२५ मध्ये त्याच मिशनखाली ३७ बस व ट्रक आणि ९ हायड्रोजन पंप यांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले. त्यांच्या मार्गांत पुणे-मुंबई हा मार्गही आहे. त्याच महिन्यात टाटा मोटर्सच्या हायड्रोजन ट्रकांच्या चाचण्या सुरू झाल्या. दिल्लीत राजघाट डेपोमध्ये २०२० साली सीएनजीत सुमारे अठरा टक्के हायड्रोजन मिसळून बस चालवण्याची चाचणी सुरू झाली होती.

या वाहनांत आणि किटमध्ये मूलभूत फरक आहे. यांच्यासाठीचा हायड्रोजन कारखान्यात, बाहेरच्या ऊर्जेतून तयार होतो, आणि पंपावर उच्च दाबाच्या टाकीत भरला जातो. डिझेल भरतो तसा तो विकत भरायचा असतो. गाडी स्वतःच्या डिझेलवर स्वतःसाठी हायड्रोजन बनवत नाही. वर्तमानपत्रात हायड्रोजन ट्रकची बातमी आली की किटवाले तिचे कात्रण दाखवतात. त्या बातमीचा त्यांच्या डब्याशी काही संबंध नसतो.

धोका आणि कायदा

पैशाचा तोटा भरून निघेल, जिवाचा निघत नाही. किटमधून हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच बाहेर पडतात. जळण्यासाठी लागणारे दोन्ही वायू नेमक्या प्रमाणात मिसळलेले असल्याने एक ठिणगी पुरेशी होते. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तरी तो पेट घेतो. केबिनमध्ये किंवा बंद बॉनेटखाली गळती झाली, वा ज्वाला नळीतून मागे आली, तर डबा फुटतो. हा वायू साठवण्याचा प्रयत्न तर कोणीही करू नये. कॉस्टिक पोटॅश डोळ्यांत गेले तर दृष्टी जाऊ शकते. ते पाणी बदलण्याचे काम बहुधा क्लीनरच्या, म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या हातून करवले जाते, हे मालकाने ध्यानात ठेवावे.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे, आर.सी. बुकात नोंदलेल्या व उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजीसारख्या इंधनाचे किट लावायचे तर ते मान्यताप्राप्त असावे लागते व त्याची नोंद करावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोर पाळण्याविषयी निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा अडवण्याचे निमित्त मिळते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी महागडी सामग्री असते. वायरिंगशी छेडछाड झाली की कंपनीची वॉरंटी धोक्यात येते.

म्हणून किट विकणाऱ्याला एकच कागद मागावा. पुण्याची ‘एआरएआय’ ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वाहनांची अधिकृत तपासणी करते. तिचा, किंवा तशाच अन्य सरकारमान्य संस्थेचा, याच मॉडेलच्या गाडीवरील तपासणी अहवाल मागावा. अनेक विक्रेते आय.एस.ओ. प्रमाणपत्र पुढे करतात. ते कारखान्याच्या कामकाजपद्धतीचे असते, डिझेल वाचण्याचे नसते.

गॅरेजवाल्या बंधूंसाठी

ही किटे खपवणारे थेट ट्रकमालकाकडे क्वचितच जातात. ते गॅरेजवाल्याला आणि बॅटरीवाल्याला गाठतात. एजन्सी देतो, प्रत्येक किटमागे अमुक कमिशन, असे सांगतात. मालकाचा विश्वास कंपनीवर नसतो, आपल्या मिस्त्रीवर असतो. एजन्सीवाला खरे तर तो विश्वास विकत घेत असतो. सहा महिन्यांनी तो फोन उचलत नाही, आणि गिऱ्हाईक आपल्या दुकानासमोर येऊन उभे राहते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे विकणाऱ्याने उत्पादकाच्या पलीकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने हमी दिली असेल तर त्या मालाची जबाबदारी त्याच्यावरही येते. मालातील दोष गिऱ्हाइकाला सांगूनच माल विकावा, हा आपल्या तिजारतीचा जुना दंडक आहे. ज्या मालाचा गुण आपल्याला स्वतःला ठाऊक नाही, त्याच्या गुणाची हमी देणे या दंडकात बसत नाही.

आणि कारागिराला कामाची वाण नाही. नोझल आणि पंप नीट जुळवणे, चाकाचे अलाइनमेंट, ब्रेक लायनर सोडवणे, बीएस-६ गाड्यांचे सेन्सर समजून घेणे, या कामाचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे परत येते.

डिझेल खरोखर वाचवायचे तर

हे उपाय साधे आहेत, बहुतेक बिनखर्चाचे आहेत, म्हणून त्यांची जाहिरात कोणी करीत नाही. केंद्र सरकारची पीसीआरए ही संस्था १९७८ पासून हेच सांगत आली आहे.

इंजिन उगाच चालू ठेवू नये. ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळेतच वाट मिळते, आणि भिवंडीच्या गोदामासमोर नंबर लागेपर्यंत तास जातात. रिकामे चालणारे ट्रकचे इंजिन तासाला ढोबळमानाने दीड लिटर डिझेल खाते. दिवसाला दोन तास ते बंद ठेवले तर ३ लिटर, म्हणजे २७० रुपये वाचतात. पंचवीस दिवसांचे ६,७५० रुपये होतात.

टायरची हवा सकाळी, चाके थंड असताना, स्वतःच्या गेजने तपासावी. जोडचाकांतील आतले चाक विसरू नये. गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवून पाहावे. जड फिरत असेल तर ब्रेक धरलेला आहे. मोकळ्या रस्त्यावर वेग ऐंशीऐवजी साठच्या आसपास ठेवावा, कारण वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. ताडपत्री ताणून बांधावी. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये. एअर फिल्टर वेळेवर बदलावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक गाडीची एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, लिटर, माल आणि मार्ग, एवढ्या पाच गोष्टी प्रत्येक खेपेला लिहाव्यात. आणि बचत झाली तर तिच्यातील काही वाटा ड्रायव्हरला द्यावा. ॲव्हरेज अखेर त्याच्या पायात असते, आणि त्याला त्यात हिस्सा मिळाला की ते वाढते.

सारांश

ट्रकच्याच विजेवर हायड्रोजन बनवणारे किट जितके डिझेल वाचवते त्याच्या कितीतरी पट खाते. खरे हायड्रोजन वाहन बाहेरून भरलेल्या इंधनावर चालते. किटच्या बाबतीत कोणाच्या शब्दावर जाऊ नये. सरकारमान्य तपासणीचा अहवाल मागावा आणि दहा खेपांची परीक्षा घ्यावी. किटसाठी हाती घेतलेले पैसे टायर, नोझल आणि फिल्टरवर खर्च केले तर ते परत येतील, आणि कर्जाचा हप्ता वेळेवर जाईल.